घरपोच थायरॉईड तपासणी सेवेचे परीक्षण: सोय कोणाची होते आणि बाहेर कोण राहते

पुण्यातील एका मोठ्या खाजगी पॅथॉलॉजी साखळीची घरपोच थायरॉईड तपासणी सेवा मी गेली काही वर्षे वापरत आहे. मला स्वतःला हायपोथायरॉयडिझम, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावण्याचा आजार, आहे, सासूबाईंची तपासणी त्याच प्रयोगशाळेकडून होते, आणि गेल्या वर्षभरात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी व बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या जाऊबाई यांच्यासाठीही मी हीच सेवा घेण्याचा प्रयत्न केला. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. माझ्या पाहण्यातील बहुतेक सेवा याच साच्यात बांधलेल्या आहेत. रक्त घेण्यापासून अहवाल येईपर्यंतचे काम चोख आहे, यात शंका नाही. परंतु ज्या ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून ही सेवा आखली आहे, त्याला थायरॉईडची तपासणी एरवीही सहज मिळाली असती. जिला ती कधीच मिळालेली नाही, तिच्यापर्यंत ही सेवा पोहोचत नाही.

आधी चांगल्या बाजूबद्दल. अॅपवरून आदल्या रात्री वेळ ठरवली की सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास प्रशिक्षित तंत्रज्ञ घरी येतो, सीलबंद सुई समोर उघडतो, नळीवरील नाव आणि वय आपल्याकडून वाचून घेतो आणि शीतपेटीत नमुना ठेवून निघतो. आमच्याकडे येणारी मुलगी इतक्या हलक्या हाताने रक्त घेते की सासूबाई, ज्यांच्या शिरा सापडणे कठीण असते, त्याही तिच्याच येण्याची वाट पाहतात. अहवाल त्याच संध्याकाळी मिळतो. थायरॉक्सिनची (मंद थायरॉईडची उणीव भरून काढणारी) गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यावी, ही सूचना आदल्या दिवशी संदेशाने येते आणि ती योग्य आहे. केसगळतीसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी ते थांबवणे आवश्यक असते, अन्यथा काही पद्धतींत आकडे चुकतात. त्याविषयी मात्र नोंदणीच्या वेळी कोणी विचारत नाही.

दरांबाबत तक्रार करण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. थायरॉईड मंदावल्याचा संशय असेल तेव्हा पहिली तपासणी म्हणून बहुतेक वेळा एकटी टीएसएच (थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची तपासणी; थायरॉईड मंदावली की त्याचा आकडा वाढतो) पुरते, आणि ती स्वस्त तपासणी आहे. अॅपवर मात्र ती शोधावी लागते. समोर दिसते ते टी-३, टी-४ (थायरॉईडची स्वतःची दोन संप्रेरके) आणि टीएसएच असे एकत्रित ‘प्रोफाइल’, आणि त्याच्याही वर जीवनसत्त्वे, यकृत, मूत्रपिंड आणि साखर यांना जोडलेले ‘संपूर्ण शरीर’ पॅकेज. शिवाय ठरावीक रकमेपेक्षा कमी बिल झाले तर घरी येण्याचे वेगळे पैसे पडतात. म्हणजे ज्या बाईला एकच तपासणी हवी आहे आणि तेवढीच परवडणार आहे, तिला ती प्रमाणाबाहेर महाग पडते.

पॅकेज घेणाऱ्यांचेही यात नेहमी भलेच होते असे नाही. आमच्या सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा टीएसएच सहाच्या थोडा वर आला, अहवालात तो लाल अक्षरांत उमटला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीकडून ‘आमच्या तज्ज्ञांशी बोला’ असा फोन आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टी-४ नीट आहे हे पाहून गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. वय वाढते तसा टीएसएच थोडा वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. पासष्ट वर्षांवरील ७३७ रुग्णांवर युरोपात केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ चाचणीत अशा सौम्य वाढीसाठी थायरॉक्सिन दिल्याने लक्षणांत काही फरक पडला नाही. उलट गरज नसताना किंवा जास्त मात्रेत दिलेली गोळी म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाची लय बिघडवू शकते आणि हाडे ठिसूळ करू शकते. प्रयोगशाळेला वय माहीत असते, कारण ते नळीवर छापलेले असते. तरीही सर्व प्रौढांसाठी एकच मर्यादा लावून लाल खूण केली जाते. शहरातील सुस्थितीतील वृद्धांना त्यामुळे नको ते औषध सुरू होण्याचा धोका आहे, आणि त्याच वेळी ज्यांचा टीएसएच चाळिशीच्या पुढे गेला आहे अशा बायका कोणत्याही प्रयोगशाळेच्या यादीत नाहीत.

त्या किती असतील याचा अंदाज देणारा एक ठोस अभ्यास आपल्याकडे आहे. मुंबई, गोवा, दिल्ली, अहमदाबाद, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई आणि कोलकाता अशा आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १०.९५ टक्के लोकांना हायपोथायरॉयडिझम आढळला, आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश लोकांना तोपर्यंत आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त होते आणि मुंबई, गोवा, चेन्नई या किनारी ठिकाणांपेक्षा आतल्या शहरांत ते अधिक होते. आपण सारे जण जो अभ्यास उद्धृत करतो, त्यात खेडे नाही, हे लक्षात घ्या. जिथे डॉक्टर आणि प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे जर तिघांतील एकाला आजाराचा पत्ता नसेल, तर जिथे टीएसएचसाठी एसटीने जिल्ह्याला जावे लागते तिथे काय असेल, हा प्रश्न मला सतत पडतो.

खेड्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आमच्या मावशी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहतात, पिनकोडही एकच. अंग जड पडते, पायांना गोळे येतात, चेहरा सकाळी सुजल्यासारखा दिसतो, हे त्या दोन वर्षांपासून सांगत होत्या, आणि वस्तीतील दवाखान्यात त्यांना दर वेळी बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन आणि कधी सलाईन मिळत होते. त्यावर झालेला खर्च जोडला, तर त्यात टीएसएच कितीतरी वेळा होऊन गेली असती. त्यांच्या नावाने नोंदणी करायला गेले तेव्हा एकेक अडचण समोर आली. वस्तीतील खोलीचा पत्ता अॅपच्या नकाशावर नीट सापडत नव्हता. स्मार्टफोन मुलाकडे, त्यामुळे सांकेतिक क्रमांकाचा संदेश त्याच्याकडे जाणार आणि तो रात्रपाळीला. सकाळी सात ते दहा ही जी नमुना घेण्याची वेळ, त्या वेळेत मावशी तीन घरांचा स्वयंपाक करीत असतात. “ताई, मी घरी असते कधी?” हा त्यांचा प्रश्न अगदी साधा होता, आणि ‘घरपोच’ म्हणवणाऱ्या सेवेकडे त्याचे उत्तर नव्हते. शेवटी आमच्या पत्त्यावर, माझ्या फोनवरून नोंदणी केली. टीएसएच बराच वाढलेला निघाला. अहवाल इंग्रजीत आणि माझ्या फोनवर आला, म्हणजे मावशींच्या आजाराची बातमी त्यांच्याआधी त्यांच्या मालकिणीला कळली. हे मला आजही खटकते.

गोळी सुरू झाल्यावरही अडचण संपली नाही. थायरॉक्सिन उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर घ्यायचे असते. पहाटे पाचला उठून चहाचा घोट घेऊन पाणी भरणाऱ्या, डबे करणाऱ्या आणि सहाला बाहेर पडणाऱ्या बाईने तो तास काढायचा कुठून? डॉक्टरांनी मग रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घ्यायला सांगितले, आणि ते जमले. गोळी उष्णतेने आणि दमटपणाने खराब होते, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. बाटली पत्र्याखालच्या फळीवर, चुलीच्या अंगाला होती. ती खाली, लोखंडी ट्रंकेत गेली. या गोष्टी सांगायला दोन मिनिटे लागतात. प्रयोगशाळेच्या ‘मोफत समुपदेशन’ फोनवर त्या कोणी सांगितल्या नाहीत. तिकडून पुढच्या पॅकेजवरील सवलत मात्र सांगितली गेली.

जाऊबाईंच्या बाबतीत सेवेने सुरुवातीलाच हात वर केले. गावाचा पिनकोड टाकला की ‘या भागात सेवा उपलब्ध नाही’ अशी ओळ येते, आणि पुढे काय करावे याची सूचना नसते. सर्वांत जवळचे संकलन केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी; म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबतीला कोणीतरी. पाळीत अंगावरून फार जाते, आवाज घोगरा झाला आहे, थंडी सोसत नाही, हे सारे त्या अंगावर काढत होत्या. “अक्का, मला वाटलं बाईच्या जातीला हे असतंच,” असे त्या मला म्हणाल्या. तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरांनी सोनोग्राफीत विशेष काही नसतानाही पिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला होता; मुले झाली, वय चाळिशीला आले, आता तिचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे. दिवाळीला त्या पुण्यात आल्या तेव्हा त्यांची टीएसएच केली आणि ती चाळीसच्या वर निघाली. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांत रक्तस्राव आटोक्यात आला आणि शस्त्रक्रियेचा विषय मागे पडला.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे वाचकांना आठवत असेल. त्या शस्त्रक्रियांमागे थायरॉईड होता असे मी मुळीच म्हणत नाही. मुकादमाची उचल, खाडा पडल्यास कापला जाणारा पैसा, फडावर पाळीच्या दिवसांत होणारे हाल आणि काही खाजगी दवाखान्यांचा हव्यास ही कारणे उघड आहेत. परंतु जास्त रक्तस्राव हे हायपोथायरॉयडिझमचे एक ज्ञात लक्षण आहे. बाकीची लक्षणेही दिसत असताना एका नळीभर रक्ताची तपासणी न करता पिशवी काढण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा त्या बाईचे नुकसान कायमचे होते. आणि समजा तपासणी झाली, गोळीही मिळाली, तरी मात्रा ठरवण्यासाठी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करावी लागते. दिवाळीच्या आसपास गाव सोडून सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात सहा महिने तोडीला गेलेल्या कोयत्याने (ऊसतोड जोडप्याने) ती कुठे करायची? एका शहरात खाते, एक पत्ता आणि एक सकाळ गृहीत धरणाऱ्या सेवेत अशा माणसाला जागा नाही.

अहवालाबद्दल माझा सर्वांत गंभीर आक्षेप गरोदर स्त्रियांसंबंधी आहे. गर्भ पहिल्या काही महिन्यांत आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो आणि त्याच्या मेंदूची घडण त्या काळात चालू असते. म्हणून गरोदरपणात टीएसएचची मर्यादा खाली आणली जाते. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तिमाहीत ती २.५ आहे. या कंपनीच्या नोंदणी अर्जात वय आहे, लिंग आहे, अगदी ‘ग्राहकाची जन्मतारीख, शुभेच्छांसाठी’ असाही रकाना आहे, पण गरोदर आहात का, हा प्रश्न नाही. परिणामी ३.८ हा आकडा काळ्या अक्षरांत, ‘सामान्य’ म्हणून छापला जातो. तिमाहीनुसार मर्यादा शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत दिलेल्या आहेत. जिची स्त्रीरोगतज्ज्ञ शहरात आहे तिचे यातून फारसे बिघडत नाही. ती डॉक्टर आकडा स्वतः पाहते. जी मुलगी अहवालावर लाल खूण नाही म्हणून निर्धास्त होऊन सासरी परत जाते, तिचे मात्र बिघडते. त्या राष्ट्रीय सूचनांतही सर्व गर्भवतींची नव्हे, तर जोखीम असलेल्यांची तपासणी सांगितली आहे, आणि जोखीम ओळखायची तर घराण्यात कोणाला आजार होता, आधी गर्भपात झाला होता का, हे कोणीतरी निवांतपणे विचारायला हवे. खाजगी रुग्णालयात नाव घातलेल्या बाईची तपासणी सरसकट होते. उपकेंद्रात नोंद झालेल्या बाईची ती विचारणाऱ्याच्या सवडीवर राहते.

गरोदरपणातील आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनबरोबर घेतल्या तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. दोहोंत चार तासांचे अंतर लागते. आशाताई घरी येऊन लोहाच्या गोळ्या देतात आणि त्या घेतल्या की नाही हेही पाहतात, हे काम मोलाचे आहे. पण तीन डब्या एकत्र ठेवून सकाळी एकदम तिन्ही गोळ्या तोंडात टाकणाऱ्या सुना मी आमच्या गावात पाहिल्या आहेत, आणि मग टीएसएच उतरत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते.

नवजात बाळांसाठी कंपनीचे वेगळे पॅकेज आहे, ज्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जन्मजात थायरॉईड कमतरता तपासतात. ते उत्तम आहे आणि परवडत असेल तर जरूर घ्यावे. भारतात सुमारे हजार-बाराशे बाळांमागे एकाला ही कमतरता असते, जगाच्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बाळ इतर मुलांसारखे वाढते. उशीर झाला तर बुद्धीचे नुकसान भरून येत नाही. गोव्याने २००८ मध्ये सर्व नवजातांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू करून हे सरकारी पातळीवर करता येते हे दाखवले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हा आजार आहे. असे असूनही बाळाची टाच टोचली जाणार की नाही, हे ते कोणत्या रुग्णालयात जन्मले यावर ठरावे, हे मला असह्य वाटते. हजारो रुपयांचे पॅकेज हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

औषधाबद्दल मात्र दिलासा आहे. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉक्सिनची गोळी, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या किमतीवर नियंत्रण आहे आणि नावाजलेल्या कंपनीची गोळीही दिवसाला दोन रुपयांच्या आसपास पडते. अडथळा गोळीच्या किमतीचा कमी आणि गोळी उघडपणे घेण्याचा जास्त, असे मला वाटते. लग्नाच्या मुलीला थायरॉईड आहे हे स्थळाला सांगायचे की नाही, यावर घरोघर चर्चा होते. आणि न सांगता लग्न झाले की ती मुलगी सासरी बाटली लपवते, गोळी चुकवते आणि नेमकी गरोदरपणाच्या सुरुवातीला, जेव्हा मात्रा वाढवायची असते, तेव्हा औषधाविना राहते. पुरुषांचे उलट होते. हा ‘बायकांचा आजार’ अशी समजूत असल्याने थकलेल्या, वजन वाढलेल्या, कोलेस्टेरॉल चढलेल्या पुरुषाला टीएसएचचा सल्ला उशिरा मिळतो. कंपनीच्या सर्व जाहिरातींत तिशीतील, गोरी, स्मितहास्य करणारी शहरी तरुणी आहे. त्या जाहिरातींनी ही समजूत घट्टच होते.

गुण द्यायचे झाले तर तंत्रज्ञांचे कौशल्य, स्वच्छता आणि वेळ पाळणे यांना मी पाचपैकी पाच देईन, अहवालाच्या मांडणीला दोन आणि पोहोचण्याला एक. शहरात राहणाऱ्या, स्वतःचा फोन आणि स्वतःचा डॉक्टर असलेल्या माणसाने ही सेवा निःशंक वापरावी, फक्त पॅकेजऐवजी डॉक्टरांनी सांगितलेली तपासणीच मागावी. इतरांसाठी मात्र सरकारी दवाखाना विसरू नये: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाण्यापूर्वी टीएसएचचा नमुना कोणत्या दिवशी घेतात हे आशाताईंकडून विचारून घेतले तर फेरी वाया जात नाही. जाऊबाईंची पुढची तपासणी आम्ही तशीच ठरवली आहे.

कंपनीला मी लेखी कळवले आहे की नोंदणीत गरोदरपणाचा प्रश्न घालावा, खूण वय आणि तिमाही पाहून करावी, अहवालासोबत मराठीत एक पान द्यावे, संध्याकाळची वेळ ठेवावी आणि एकट्या टीएसएचला घरी येण्याचे शुल्क लावू नये. मराठी पानाचा विचार चालू असल्याचे उत्तर आले. गरोदरपणाच्या प्रश्नाबाबत ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ एवढेच कळले, आणि बाकीच्या तीन मागण्यांबद्दल काही लिहिलेले नव्हते. पुढे काही बदलले तर त्याची नोंद मी येथेच करीन.